माक्स हिर्शबर्ग: नाझींना कोर्टात भिडलेला वकील आणि चुकीच्या शिक्षांचा अभ्यासक. दोन कामं की एकच?

आडवळण
हिटलरला साक्षीला उभं करून घाम फोडणारा वकील म्हटलं की बर्लिनचा हान्स लिटन आठवतो. म्युनिकच्या माक्स हिर्शबर्गचं नाव मात्र फारसं कोणी घेत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जन्म १८८३, म्युनिक, ज्यू कुटुंब. १९११ पासून तिथेच वकिली. पहिल्या महायुद्धात आघाडीवर. नंतर सोशल डेमोक्रॅट पक्षात. १९२० च्या दशकात बव्हेरियात जे गाजलेले राजकीय खटले झाले, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी बचावाच्या टेबलाशी हा माणूस दिसतो. १० मार्च १९३३ ला अटक, ऑगस्टपर्यंत तुरुंग. १९३४ ला मिलान, १९३९ ला न्यूयॉर्क. १९६४ मध्ये तिथेच गेला.

याच माणसाने आयुष्यभर दुसरं एक काम केलं. निरपराध माणसाला कोर्ट दोषी कसं ठरवतं याची प्रकरणं गोळा केली, कारणांनुसार लावली आणि १९६० मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्याचं पुस्तक स्टुटगार्टहून काढलं.

प्रश्न असा: ही दोन कामं एकाच मुळातून आली, की दिवसा राजकारण आणि रात्री छंद असा मामला होता? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

चिमटा
'दोन्ही' हे उत्तर चालेल का? मग धागा बंद करून जेवायला बसू.

उलटतपास
चिमटाराव, तुम्ही जेवून घ्या. हे लांबणार आहे.

सुरुवात फेखेनबाखच्या खटल्यापासून करावी लागेल. फेलिक्स फेखेनबाख हा बव्हेरियाचा पंतप्रधान कुर्ट आइसनरचा सचिव. आइसनरचा फेब्रुवारी १९१९ मध्ये खून झाला. त्यानंतर फेखेनबाखने एक जुनी तार स्विस पत्रकाराला दिली. व्हॅटिकनमधल्या बव्हेरियन राजदूताने जुलै १९१४ मध्ये पाठवलेली ती तार, तिचा मतितार्थ असा की ऑस्ट्रियाने सर्बियाशी कडक वागावं याला पोपचा पाठिंबा आहे. ती १९१९ मध्येच छापून आली. खटला भरला १९२२ मध्ये, देशद्रोहाचा. ऑक्टोबर १९२२ मध्ये शिक्षा झाली ११ वर्षं सक्तमजुरी. सोबतच्या दोघा आरोपींना १२ आणि १० वर्षं.

आता हे कोर्ट कुठलं ते बघा. बव्हेरियाचं 'फोल्क्सगेरिश्त', म्हणजे जनता न्यायालय. नोव्हेंबर १९१८ च्या धामधुमीत झटपट निकालासाठी काढलेलं. दोन व्यावसायिक न्यायाधीश, तीन सामान्य नागरिक. निकालावर अपील नाही. आणि नव्या पुराव्यावर खटला पुन्हा उघडण्याची सोयही नाही. हिर्शबर्ग बचावाला होता, पण निकाल लागल्यावर वकिलाच्या हातात कायद्याचं एकही हत्यार उरलेलं नव्हतं. मग त्याने दुसरा रस्ता धरला. इतिहासकार फ्रीड्रिश टिमं यांच्या साथीने कायदेपंडितांची लेखी मतं मिळवली आणि १९२४ मध्ये ती छापून काढली. राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, चर्चा झाली. शेवटी डिसेंबर १९२४ मध्ये फेखेनबाख सुटला, कोर्टाच्या हुकमाने नव्हे तर माफीने.

खडीसाखर
छापील मजकुरावरच्या गुन्ह्याला मुदत असते ना? १९१९ चा मजकूर आणि १९२२ चा खटला, हे बसलं कसं?

उलटतपास
खडीसाखर, नेमक्या जागी बोट ठेवलंत. जर्मनीच्या १८७४ च्या वृत्तपत्र कायद्यात मुदत सहा महिन्यांची होती. तार छापली जाऊन तीन वर्षं उलटली होती, म्हणजे सरळ मुदतबाह्य. कोर्टाने पळवाट अशी काढली की गुन्हा 'छापण्याचा' नाही, कागद पत्रकाराच्या हाती 'देण्याचा' आहे, आणि त्याला ती मुदत लागू नाही. बाहेरच्या कायदेपंडितांनी सगळ्यात जास्त झोडपलं ते यावरच.

अर्धाकोळसा
मग आडवळण यांच्या प्रश्नाचं उत्तर 'वेगळी कामं' असंच येतं. फेखेनबाखने तार दिली हे कोणीच नाकारत नव्हतं. वस्तुस्थितीत वादच नाही, कायदा पिळून घेतला. ही चूक नव्हे, हा डाव. चुकीच्या शिक्षेच्या अभ्यासात प्रश्न असतो तो 'हे याने केलंच नाही' असा. एका ठिकाणी न्यायाधीशाला काय हवंय हे त्याला ठाऊक आहे. दुसऱ्या ठिकाणी न्यायाधीश प्रामाणिक आहे, पण फसलाय. दोन्हींना एकाच पोत्यात कोंबू नका.

मांजरपाट
अर्धाकोळसा +१

बादवे, एक प्रसिद्ध फोटो आहे. म्युनिकच्या रस्त्यावर एका ज्यू वकिलाला अनवाणी, पँट कापलेली, गळ्यात पाटी अडकवून हिंडवतायत. तो हिर्शबर्गच ना? तारीखही १० मार्च १९३३.

पिंजरा
नाही. तो डॉ. मिखाएल झीगेल. आपल्या अशिलाच्या अटकेची तक्रार द्यायला पोलीस मुख्यालयात गेला आणि बाहेर आला तो असा. तारीख तीच असल्याने गोंधळ होतो. ९ मार्चला नाझींनी बव्हेरियाचं सरकार ताब्यात घेतलं, दुसऱ्या दिवशी पहाटेपासून अटका सुरू झाल्या आणि हिर्शबर्ग त्या पहिल्या धाडीत उचलला गेला. झीगेल १९४० मध्ये पेरूला निसटला. फोटोतल्या पाटीवरची अक्षरं मूळ प्रतीत पुसट होती, नंतर छापणाऱ्यांनी ती आपापल्या समजुतीने गिरवली. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी वेगळा मजकूर दिसतो. पाटीवरचं वाक्य कुठे उद्धृत करणार असाल तर जपून.

मांजरपाट
धन्यवाद. चूक दुरुस्त.

चिमटा
चुकीची ओळख! धाग्याच्या विषयाचं प्रात्यक्षिक फुकटात झालं.

पिंजरा
हाहा. चिमटारावांनी विनोद केला, पण मुद्द्याजवळ आणून सोडलं.

हिर्शबर्गने चुकीच्या शिक्षेची जी कारणं मांडली ती सहा: कबुलीजबाब, सहआरोपीने घेतलेलं नाव, साक्षीदार, ओळख पटवणं, आरोपीचं खोटं बोलणं, तज्ज्ञाचं मत. यात तो पुन्हा पुन्हा एकच विशेषण वापरतो, 'उनक्रिटिश'. म्हणजे न तपासता, न पारखता. कबुलीजबाब वाईट असं तो म्हणत नाही. कबुलीजबाब न पारखता मानला हे वाईट. एकेक घेतो, पण सगळ्यांना सारखी जागा देणार नाही.

*कबुलीजबाब.* 'केलंच नाही तर त्याने कबूल कशाला केलं असतं?' हे वाक्य न्यायाधीशाच्या मनात आलं की तपास तिथेच थांबतो. मारहाण हे एक कारण झालं. पण थकवा, तासन्तास चौकशी, 'कबूल कर म्हणजे सुटशील', कोणाला तरी वाचवायचं आहे, किंवा नुसता दुबळा स्वभाव, यातलं काहीही पुरतं. पारखायची कसोटी साधी आहे. कबुलीत असं काय आहे जे पोलिसांना आधी माहीत नव्हतं आणि कबुलीनंतर शोधल्यावर खरं निघालं? असं एकही वाक्य नसेल तर तो कबुलीजबाब म्हणजे पोलिसांच्या फाइलीची आरोपीच्या तोंडून काढलेली नक्कल. आणि उलटं टोकही बघायचं: कबुलीत सांगितलेलं काय काय जागेवर सापडायला हवं होतं आणि सापडलं नाही?

*सहआरोपी.* आपल्याकडच्या माफीच्या साक्षीदाराचा चुलतभाऊ. लोक म्हणतात, 'स्वतःलाही गोवतोय, म्हणजे खरं बोलत असणार.' पण स्वतःचा वाटा हलका करायला दुसऱ्यावर टाकणं ही सगळ्यात सोपी युक्ती. घटनेचा तपशील त्याला खरोखर माहीत असतो, म्हणून गोष्ट ऐकायला चपखल लागते. त्यात फक्त एक नाव बदललेलं असतं. तपशील जुळले म्हणून नाव खरं ठरत नाही, नावाला वेगळा आधार लागतो.

*खोटं बोलणं.* हा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आरोपी म्हणतो मी त्या रात्री घरी होतो, आणि तो घरी नव्हता हे सिद्ध होतं. संपलं, कोर्टाचं मत पक्कं. पण निरपराध माणूसही खोटं बोलतो. दुसऱ्या बाईकडे गेला होता, चोरटी शिकार करत होता, कर्ज लपवायचंय, किंवा खरं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही अशी भीती. खोटेपणा पकडला जाणं यातून 'हा काहीतरी लपवतोय' एवढंच निघतं. 'हाच गुन्हा लपवतोय' ही पुढची पायरी, आणि तिला स्वतंत्र पुरावा लागतो.

साक्षीदार आणि तज्ज्ञ यांवर इतर लिहितील. ओळख पटवण्याबद्दल एकच: साक्षीदाराला एकटा आरोपी दाखवून 'हाच का?' विचारलं की ओळख तिथेच नासली. नंतर कितीही काटेकोर परेड घेतली तरी साक्षीदार गुन्हेगाराला नाही, आधी दाखवलेल्या माणसाला ओळखत असतो.

खडीसाखर
_/\_ वाचनखूण साठवली.

अर्धाकोळसा
पिंजरा, प्रतिसाद उत्तम, पण माझा आक्षेप तसाच आहे. यातला एकही मुद्दा फेखेनबाखला लागू होत नाही.

कलमकसाई
थोडं कायद्याचं. 'अपील असतं की' असं खूप जण गृहीत धरतात, आणि जर्मनीत तिथेच खरी गंमत आहे.

किरकोळ गुन्हा असेल तर खालच्या कोर्टाच्या निकालावर पूर्ण अपील, साक्षीपुरावा पुन्हा नव्याने. पण खुनासारखा भारी खटला? त्यावर फक्त 'रेव्हिजिओन', म्हणजे कायद्याची चूक झाली का एवढंच वरचं कोर्ट बघणार. साक्षीदार खोटा होता का, ओळख चुकली का, हे प्रश्न तिथे काढताच येत नाहीत. सायकलचोराला दोनदा पुराव्याची सुनावणी, फाशीच्या आरोपीला एकदा. आजही रचना मुळात हीच आहे, फाशी तेवढी गेली.

त्यात भर म्हणजे १९२४ पर्यंत खुनाचे खटले बारा ज्युरींपुढे चालत. त्यांनी प्रश्नांना हो किंवा नाही म्हणायचं, कारणं द्यायची नाहीत. तेव्हाचे जर्मन कायदामंत्री एमिंगर यांच्या जानेवारी १९२४ च्या वटहुकमाने हे बदललं: तीन न्यायाधीश, सहा ज्युरी, एकत्र बसून निर्णय, लेखी कारणं. कारणं लिहिलेली नसतील तर कोणता पुरावा कोर्टाने मानला तेच कळत नाही. मग पाडायचं काय?

उरतो एकच दरवाजा, वीडरआउफनामं. आपण फेरखटला म्हणू. १८७७ च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात तो आला तेव्हा कलम ३९९ होतं, १९२४ पासून ३५९. खोटा दस्तऐवज, खोटी साक्ष, न्यायाधीशाचा गुन्हा अशी कारणं आहेत, पण प्रत्यक्षात वकील जगतात ते 'नवीन तथ्य किंवा नवीन पुरावा' या पोटकलमावर. टप्पे असे:

आधी अर्ज. तो वकिलाच्या सहीनेच, किंवा कोर्टाच्या कचेरीत नोंदवून. आरोपीने तुरुंगातून स्वतःच लिहिलेलं पत्र चालत नाही, कितीही खरं असलं तरी. मग ग्राह्यतेची तपासणी: पुरावा खरंच नवा आहे का, आणि खरा धरला तर निकाल हलेल का. मग पुराव्याची तपासणी. तीही पार पडली तर खटला पुन्हा उघडण्याचा हुकूम आणि नवी सुनावणी. या सगळ्या काळात शिक्षा थांबत नाही, कोर्टाने वेगळा हुकूम दिला तरच थांबते.

अर्ज आपटतात ते दुसऱ्या टप्प्यात. सगळ्यात जास्त होणारी चूक: वकील जुन्याच पुराव्यावर 'कोर्टाने चुकीचा अर्थ लावला' असं लिहितो. तो नवा पुरावा नव्हे, अर्ज तिथेच खलास. दुसरी: कबुली मागे घेतली, पण तेव्हा खोटी का दिली आणि आज का मागे घेतोय याचा खुलासा नाही. कोर्ट म्हणतं, मग आधीचंच खरं. करायचं काय, तर निकालपत्र समोर घ्यायचं, निकाल ज्या दोन-तीन वाक्यांवर उभा आहे ती अधोरेखित करायची, आणि नवा पुरावा नेमका त्या वाक्याखालीच सुरुंगासारखा लावायचा. बाजूच्या भिंती पाडून घर पडत नाही.

आडवळण
आणि अर्ज कोणापुढे जायचा?

कलमकसाई
हेच सांगायचं राहिलं! हिर्शबर्गच्या काळात ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्याच कोर्टापुढे. 'मायबाप, तुमचं चुकलं' हे त्याच मायबापाला पटवायचं. मूळ निकाल देणारे न्यायाधीश फेरखटल्याच्या निर्णयात बसणार नाहीत हा बदल १९६४ चा, आणि प्रकरण दुसऱ्याच कोर्टाकडे द्यायचं हा १९७० च्या दशकातला. हिर्शबर्ग १९६४ मध्येच वारला.

पुढची_तारीख
भारतातला फरक इथे सांगतो, कारण 'फेरखटला' शब्दाने घोळ होईल. आपल्याकडे तो शब्द अपील कोर्टाने 'पुन्हा सुनावणी घ्या' म्हणून प्रकरण खाली पाठवण्यासाठी वापरतात. अंतिम निकालानंतर नवा पुरावा मिळाला म्हणून खटला उघडण्याची जर्मनीसारखी सोय आपल्या प्रक्रिया कायद्यात नाही. उलट सही झालेला निकाल कोर्टाला लिखाणातली चूक सोडून बदलता येत नाही, जुनं कलम ३६२, आता नागरिक सुरक्षा संहितेत ४०३. उरतं सर्वोच्च न्यायालयाचं पुनर्विलोकन, २००२ पासून क्युरेटिव्ह याचिका (पुनर्विलोकनही फेटाळलं गेल्यावरची शेवटची), आणि राष्ट्रपती-राज्यपालांची माफी. म्हणजे फेखेनबाखचाच रस्ता.

पण पुराव्याच्या कायद्यात आपण जर्मनीच्या पुढे आहोत. पोलिसापुढची कबुली पुरावा म्हणून चालतच नाही, जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५, नव्या साक्ष अधिनियमात २३. साथीदाराच्या साक्षीला दुजोरा शोधायचा हा नियमही रुळलेला. जर्मनीत असा कुंपणाचा नियम नाही, तिथे न्यायाधीशाची मोकळी खात्री, म्हणजे पुरावा कसा तोलायचा ते त्याच्यावर. हिर्शबर्ग 'न पारखता' म्हणून ओरडतो तो म्हणूनच.

चिमटा
पुढे आहोत म्हणजे कागदावर.

पुढची_तारीख
कागदावरच म्हणालो हो. ओळख परेडचंच घ्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत एका आरोपीमागे किमान सहा सारख्या दिसणाऱ्या माणसांचं प्रमाण सांगितलंय, पोलिसांनी तिथे थांबायचं नाही, आरोपीला रांगेतली जागा स्वतः निवडू द्यायची. आणि तरी काय होतं? महाराष्ट्रातलं २००३ चं दरोडा आणि खुनाचं प्रकरण. भटक्या जमातीतले सहा जण. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी ठरवली. ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयाने तो निकाल मागे घेऊन सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख भरपाई द्यायला सांगितलं. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंमधून भलत्याच चौघांना ओळखलं होतं. तो कागद फाइलीतच होता.

रानभूल
आणि आता हे जे मुंबईत चाललंय त्याबद्दल का नाही बोलत कोणी? सगळेच

संपादक मंडळ
चालू प्रकरणांसाठी वेगळा धागा काढावा. इथे विषयाला धरून लिहावं. वरच्या प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे.

रानभूल
प्रतिसाद काढून टाकला आहे.

मांजरपाट
तज्ज्ञांचं राहिलं ते मी घेतो, कारण मघाची चूक भरून काढायचीय. :)

म्युनिकपासून जवळच, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचं हाल्समन प्रकरण. सप्टेंबर १९२८ मध्ये डोंगरात चालताना बापाचा मृत्यू, बावीस वर्षांच्या ज्यू विद्यार्थी मुलावर खुनाचा आरोप. गावात ज्यूद्वेष उघड. पहिल्यांदा शिक्षा, वरच्या कोर्टाने निकाल फिरवला, दुसऱ्यांदा पुन्हा शिक्षा. मधे इन्सब्रुकच्या वैद्यकीय विद्याशाखेचं तज्ज्ञमत आलं आणि त्यात ईडिपस गंडाचा (मुलाला आईची ओढ आणि बापाशी वैर, ही फ्रॉइडची कल्पना) उल्लेख होता! स्वतः फ्रॉइडला लिहावं लागलं की ईडिपस गंड सगळ्याच माणसांत असतो असं मानतो, म्हणून त्याच्यावरून गुन्हा कोणी केला ते ठरत नाही. हे वाक्य आजच्या कुठल्याही तज्ज्ञमतावर लावून बघा. जी खूण निरपराध माणसातही तितकीच सापडते ती पुरावा नव्हे. १९३० मध्ये मुलाला माफी देऊन देशाबाहेर घालवलं. तोच पुढे छायाचित्रकार फिलिप हाल्समन, उडत्या मांजरांसोबत चित्रकार दालीचा फोटो काढणारा.

खडीसाखर
काय सांगता! तो हा?

पिंजरा
तोच.

आणि कबुलीबद्दल बव्हेरियातलंच अलीकडचं उदाहरण, हिर्शबर्ग गेल्यावर चाळीस वर्षांनंतरचं. नॉयबुर्गजवळचा एक शेतकरी २००१ मध्ये बेपत्ता झाला. घरच्यांनी चौकशीत कबुली दिली: मारलं, तुकडे केले, कुत्र्यांना घातले. २००५ मध्ये इंगोलश्टाटच्या कोर्टाने शिक्षा दिल्या. कबुल्या नंतर मागे घेतल्या होत्या, पण कोण ऐकतो. मार्च २००९ मध्ये डॅन्यूब नदीच्या बंधाऱ्यापाशी त्याची मर्सिडीज वर काढली. आत शेतकरी, अख्खा. एवढ्यावर फेरखटला आपोआप उघडेल असं वाटेल ना? लांड्सहूटच्या कोर्टाने अर्ज आधी फेटाळला, वरच्या कोर्टाने उघडायला लावला, २०११ मध्ये सुटका. कलमकसाईंनी सांगितलेला दुसरा टप्पा तो हाच.

चिमटा
कुत्र्यांची साक्ष काढायला हवी होती.

उलटतपास
अर्धाकोळसांच्या आक्षेपाकडे परत येतो. फेखेनबाखबद्दल तुमचं बरोबर. पण राजकीय खटले म्हणजे फक्त फेखेनबाख नाही. १९२५ चा 'पाठीत खंजीर' खटला घ्या. 'झ्यूडडॉइच मोनाट्सहेफ्ट' या मासिकाच्या पाउल निकोलाउस कॉसमानने १९२४ च्या निवडणुकीच्या तोंडावर अंक काढले की सैन्य जिंकत होतं, घरच्या समाजवाद्यांनी पाठीत खंजीर खुपसला. 'म्युन्शनर पोस्ट' या समाजवादी दैनिकाच्या मार्टिन ग्रुबरने त्याला इतिहासाची खोटी मांडणी म्हटलं. कॉसमानने बदनामीची फिर्याद केली. ग्रुबरचा वकील हिर्शबर्ग.

इथे त्याची पद्धत दिसते. 'माझ्या अशिलाने सद्हेतूने लिहिलं' अशी रडकी बाजू न घेता त्याने 'लिहिलेलं खरं आहे' हाच बचाव धरला. मग सेनाधिकारी, राजकारणी, जो कोणी खंजिराची गोष्ट सांगेल त्याला तारीख आणि कागद विचारायचा. याच खटल्यात जनरल ग्रोएनरने शपथेवर सांगितलं की नोव्हेंबर १९१८ मध्ये समाजवादी नेता एबर्टशी त्याचं टेलिफोनवर सहकार्याचं ठरलं होतं. निकालात ग्रुबरला ३००० मार्क दंड झालाच. पण कागदावर आलेलं पुसता येत नाही.

१९२९ ला हिटलरने 'दक्षिण टिरोलवरचा (महायुद्धानंतर इटलीकडे गेलेला जर्मनभाषक प्रदेश) हक्क सोडायला मुसोलिनीचे पैसे घेतले' या आरोपावरून फिर्याद केली, तेव्हाही समोर हिर्शबर्ग. तिथेही दंड आरोप करणाऱ्यांनाच.

अर्धाकोळसा
यात माझ्या मुद्द्याला उत्तर कुठेय?

उलटतपास
खंजिराची गोष्ट कोर्टाला खरी वाटली कारण सांगणारे सेनाधिकारी होते. न्यायाधीशाने त्यांना पारखलं नाही. पोलीस, तज्ज्ञ, 'सभ्य' साक्षीदार यांना खुनाच्या खटल्यात पारखलं जात नाही ती हीच सवय. ज्याच्यावर आधीपासून विश्वास आहे त्याला प्रश्न न विचारणं. खुनाच्या खटल्यात त्याचा फटका एखाद्या गड्याला बसतो, राजकीय खटल्यात प्रजासत्ताकाला.

अर्धाकोळसा
अर्धं मान्य. बदनामीच्या खटल्यांपुरतं. फेखेनबाखचा न्यायाधीश फसलेला नव्हता यावर मी ठाम आहे.

उलटतपास
त्यावर मीही ठाम आहे.

आडवळण
छान. म्हणजे पोती दोन, एक गाठ मारलेली. एक शंका: १९३३ च्या एप्रिलमध्ये ज्यू वकिलांच्या सनदा काढल्या, मग हा १९३४ पर्यंत कसा टिकला?

कलमकसाई
७ एप्रिल १९३३ च्या कायद्यात अपवाद होते: १ ऑगस्ट १९१४ च्या आधीची सनद असलेले आणि आघाडीवर लढलेले. हिर्शबर्ग दोन्हीत बसत होता, शिवाय तो तेव्हा तुरुंगात होता. सनद राहिली तरी धंदा राहतोच असं नाही. अपवादही सप्टेंबर १९३८ च्या वटहुकमाने संपले, ३० नोव्हेंबरपासून जर्मनीत ज्यू वकील नाही. त्याच सुमारास इटलीतही वंशकायदे आले आणि परदेशी ज्यूंना देश सोडायचा हुकूम निघाला. १९३९ चं न्यूयॉर्क त्यातून. तिथे बसून त्याने १९४०-४१ मध्ये अमेरिकन कायदा नियतकालिकांत याच विषयावर इंग्रजीत लेख लिहिले.

पुढची_तारीख
त्याच्या आधीची मंडळीही नोंदवून ठेवूया. बर्लिनच्या एरिश झेलो या वकिलाने १९११ मध्ये, माक्स आल्सबर्गने १९१३ मध्ये याच विषयावर लिहिलं. आल्सबर्गही ज्यू, १९३१ मध्ये शांततावादी पत्रकार ओसिएट्स्कीचा बचाव करणाऱ्यांपैकी. सप्टेंबर १९३३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याने आत्महत्या केली. हिर्शबर्गनंतर ट्युबिंगेनच्या कार्ल पेटर्स यांनी १९५१ ते १९६४ मधली १११५ फेरखटल्यांची प्रकरणं तपासून १९७० च्या दशकात तीन खंड काढले. त्या आकड्यांपुढे हिर्शबर्गचा संग्रह छोटा, पण पेटर्स प्राध्यापक होते. हा स्वतः अर्ज लिहिणारा, फेटाळला गेल्यावर पुन्हा लिहिणारा.

खडीसाखर
फेखेनबाखचं पुढे काय झालं?

उलटतपास
डेटमोल्डमध्ये वृत्तपत्राचा संपादक झाला, नाझींची टिंगल करणारं सदर लिहायचा. मार्च १९३३ मध्ये अटक. ७ ऑगस्ट १९३३ ला दाखाऊच्या छळछावणीत नेतो म्हणून मोटारीत घातला आणि वाटेत जंगलात गोळ्या घातल्या. हिर्शबर्ग त्याच महिन्यात तुरुंगातून सुटला.

मांजरपाट
आणि तो कॉसमान? खंजीरवाला? नाझींनी डोक्यावर घेतला असेल.

उलटतपास
कॉसमान जन्माने ज्यू, १९०५ मध्ये कॅथलिक झालेला. १९३३ मध्ये अटक. १९४२ मध्ये टेरेझीनश्टाटच्या छावणीत पाठवला, तिथेच त्या वर्षी मेला.